जग संपल्यावरचे रोडगे

आईला सिनेमात घेतलं तेव्हा तिनं एकच अट घातली. “खोटं जेवण मी वाढणार नाई. मंग पाहुणा हिरो असो का आणखी कोणी असो.”

सिनेमाचं नाव ‘शेषपृथ्वी’. हिंदी. जग संपून गेलंय, शहरं जळून गेलीत, पाणी आटलंय, आणि एक हिरो आपल्या बहिणीला आणि एका मित्राला घेऊन समुद्र शोधत निघालाय, अशी ती गोष्ट. उन्हाळ्यात बोर धरणाचं पाणी मागे सरकलं की तळाचा गाळ उघडा पडतो आणि त्याला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. सिनेमावाल्यांना ती जागा भलतीच आवडली. आम्हा हिंगणीकरांना त्यात काही नवल नव्हतं, पण ते लोक पोटावर झोपून त्या भेगांचे फोटो काढत होते.

त्यांना गावातली माणसं हवी होती. दिग्दर्शकाचा सहायक धीरज नावाचा मुलगा होता, नागपूरचा. त्यानं चौकात विचारलं, आणि चौकानं त्याला आमच्या घरी पाठवलं. आई, म्हणजे पंचफुलाबाई, जवळजवळ तीस वर्षं गावात अंगणवाडी सेविका होती. आता निवृत्त झालीय. पण हिंगणीतल्या निम्म्या तरुण मंडळींना तिनं कधी ना कधी मांडीवर घेऊन खिचडी भरवलेली आहे, त्यामुळे तिनं हाक मारली की लोक येतात.

धीरजनं ओसरीवर बसून तिला सीन समजावला. “सगळीकडे मारामारी चालू आहे काकू. हे तिघं उपाशी, थकलेले, तुमच्या वस्तीत येतात. तुम्ही त्यांना जेवू घालता. अख्ख्या सिनेमात माणुसकी दिसते ती एवढ्याच ठिकाणी.”

आईला हे फार पटलं. तिला एक वाक्यही होतं आणि ते आपल्या बोलीतच म्हणायचं होतं. “खाय बाप्पा, पोटभर खाय. इथून कोणी उपाशी जात नाई.” पुढचे चार दिवस ती भांडी घासतानाही हेच म्हणत होती.

आईनं ‘माणुसकीचा सीन आहे’ असं सांगून पंचवीस-तीस माणसं गोळा केली. सिनेमावाल्यांनी ताटात ठेवायला रबराचं काहीतरी आणलं होतं. आईनं ते बाजूला सारलं, गोवऱ्या पेटवल्या आणि निखाऱ्यावर कणकेचे गोळे, म्हणजे आमचे रोडगे भाजले. सोबत वांग्याची भाजी, वर बोटभर लाल तर्री. कॅमेरावाल्यापासून हिरोपर्यंत सगळे हाशहुश करत जेवले.

मेकअपवाला सगळ्यांच्या दातांना काळं फासू लागला तेव्हा प्रभाकररावांच्या सुमित्राबाई अडून बसल्या. प्रभाकररावांचं गावात किराणा दुकान आहे, आणि दुकानदाराच्या बायकोला कुठल्याही मालाबद्दल प्रश्न विचारायची सवय असते.

“दात काऊन काळे करता?”

“जग संपलंय ना काकू,” धीरज म्हणाला, “टूथपेस्ट कुठून येणार?”

“निंबाच्या काड्या बी संपल्या काय?”

धीरज हसला, पण दात काळे झालेच. मग सगळ्यांना पाहुण्यांकडे बघून खूप हसायला सांगितलं. पाहुणे आले म्हणून आनंद झालाय, असं. नंतर हात वर करून त्यांच्या मागे धावायला सांगितलं. हा निरोप. शेवटच्या दिवशी त्यांनी धरणाच्या पोटातली टिनाची वस्ती पेटवून दिली. आम्हाला वाटलं, एवढं सामान परत नेण्यापेक्षा जाळलेलं बरं पडत असेल.

वर्षभरानं सिनेमा लागला. वर्ध्यातल्या एका टॉकीजमध्ये रविवारी दुपारच्या खेळाची तिकिटं मी काढली. मी वर्ध्यालाच एका दवाखान्यात नर्स आहे. गावातून दोन गाड्या भरून लोक आले. आईनं नवी जांभळी साडी नेसली होती. बाबा, म्हणजे बाबाराव, एसटीत ड्रायव्हर होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांना सांगत होते, “आपली सीट मधातली हाय. कोपऱ्यात बसलं का मान दुखते.”

सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात आम्हाला कळलं, की मान कुठंही दुखणार.

हिरो चालत होता. मग थांबत होता. मग क्षितिजाकडे बघत होता. पडद्यावर अक्षरं आली, ‘तापमान ४७ अंश. मानवजातीचा अंत जवळ आला आहे.’ अख्खं टॉकीज हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, मे महिन्यात वर्ध्याले येजो!” आणि त्या सत्तेचाळीस अंशांत हिरोनं गुडघ्यापर्यंत चामड्याचा कोट घातलेला.

“येले गरमी होत नाई काय?” बाबांनी मला विचारलं, जणू त्याला मीच तपासलं होतं.

“बाबा, सिनेमा बघा.”

वाळूत कित्येक वर्षं रुतलेला एक ट्रक हिरोला सापडला. त्यानं किल्ली फिरवली आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. बाबा उठून उभेच राहिले. “बॅटरी कोणाच्या बापानं चार्ज केली?” मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. सुमित्राबाईंचा राग वेगळाच होता. प्यायला पाणी नाही म्हणतात आणि हिरोच्या बहिणीचे केस रोज धुतल्यासारखे कसे उडतात, यावरून त्या प्रभाकररावांशी भांडत होत्या, जसे काही ते केस प्रभाकररावांनीच धुवून दिले होते. मध्यंतरापर्यंत गोष्ट एक पाऊलही पुढे गेली नाही. मध्यंतरात आमचे दोघेजण पान खायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत.

आई मात्र शांत होती. “आपला सीन येईन ना, मंग चांगला होईन,” ती म्हणाली.

मध्यंतरानंतर तो आला. पडद्यावर धरणाचा भेगाळलेला तळ दिसला, टिनाची वस्ती दिसली आणि आमच्या दोन्ही रांगांनी आरडाओरडा केला. “थे पाहा मीराबाई!” “थो मी! थो मीच हाय!” मग आईचा चेहरा आला, पडदाभर. आईनं माझा हात घट्ट धरला. तिनं ताट पुढे केलं, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातून दुसऱ्याच कुणाचा तरी खरखरीत, घोगरा आवाज बाहेर पडला.

“खा ले बेटा, खा ले. तू मोटा होगा, तभी तो हमारा पेट भरेगा.”

मग आमची सगळी माणसं हसली. काळे दात दाखवून, एकेक करून, हळूहळू. तेच हसणं, पाहुणे आले म्हणून हसलेलं. खाली ढोल वाजत होता. मग ताटातली भाजी दिसली, आईच्या हातची लाल तर्री, आणि तिच्यात एक माणसाचं बोट तरंगत होतं.

‘थो मीच हाय’ म्हणणारा खुर्चीत खाली सरकला.

पुढचं सगळं असंच. हिरोचा मित्र नाहीसा झाला आणि त्याचा बूट चुलीपाशी सापडला. हात वर करून निरोप द्यायला धावलेली आमची माणसं हिरोला पकडायला धावत होती. शेवटी हिरोनं मशाल फेकली आणि वस्ती पेटली. पुढच्या रांगांतल्या कॉलेजच्या पोरांनी पूर्ण सिनेमात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. “जला डाल बुढ्ढी को!” एकजण ओरडला.

मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती. हात तिनं कधीच सोडवून घेतला होता. आता तो मांडीवर, पदराची घडी करत होता, पुन्हा उलगडत होता.

सिनेमा त्यानंतरही तासभर चालला. हिरोला समुद्र सापडला. तो पाण्यात गुडघे टेकून रडला. बस.

बाहेर पडलो तर टॉकीजच्या पायऱ्यांवर एकजण माईक घेऊन उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून ‘पब्लिक रिव्ह्यू’ घेत होता. त्यानं आईपुढेही माईक धरला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. काळे दात नव्हते ना.

“काकू, कशी वाटली फिल्म?”

मला वाटलं आई पुढे निघून जाईल. ती थांबली.

“काय सांगू तुले? तीन घंटे बसलो. जग काऊन संपलं थे काई सांगतलं नाई. पाणी कुठं गेलं थे सांगतलं नाई. तहान लागली म्हणून हिरो समुद्र शोधून राह्यला. समुद्राचं पाणी कोणी पेते काय? भेटला शेवटी, मंग? खारं पाणी घेऊन काय करीन थो?”

भोवती लोक जमायला लागले. आईचा आवाज चढला.

“अन् जग संपलं का माणूस लगेच माणसाले खाते काय? कोरोना आला तवा असंच वाटे ना, का संपलं आता सगळं? आमच्या गावात लोकं एकमेकायच्या दारात डबे ठेवून गेले. कोणी कोणाले खाल्लं नाई. हे सिनेमावाले आमच्या गावात आले, थे बी उपाशीच होते. मी रोडगे केले. बोटं चाटून खाल्ले. अन् माह्याच भाजीत बोट टाकून देलं यायनं!”

माईकवाल्याला आता कळलं, की समोर कोण उभं आहे. त्याचे डोळे चमकले. “मग काकू, किती स्टार द्याल?”

“तारे काय देऊ? माहे रोडगे वापस द्या म्हणा त्यायले.”

रात्रीपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलमध्ये पोचला होता. ‘रोडगे वापस द्या’ असं त्याच्यावर लिहिलेलं. गावाला सुरुवातीला मजा वाटली. मग वैताग सुरू झाला. बोरच्या जंगलात वाघ बघायला जाणाऱ्या गाड्या प्रभाकररावांच्या दुकानापाशी थांबायच्या आणि विचारायच्या, “वो आदमखोर मौसी किधर रहती है?” प्रभाकरराव आधी पत्ता सांगायचे, मग सुमित्राबाईंनी त्यांना दम भरला, तेव्हापासून ते सगळ्यांना केळझरच्या रस्त्याला लावायचे. एकजण थेट आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, “मौसी, एक बार वैसे हस के दिखाव ना.” बाबांनी त्याला फाटकापर्यंत पोचवलं. दवाखान्यात मी डबा उघडला की कोणी ना कोणी वाकून बघायचं, “काजल, आज काय आहे गं? कोणाचं आहे?” पहिल्या दिवशी मीही हसले. आठव्या दिवशी मी डबा न्यायचं बंद केलं.

आई यातल्या कशालाच फारसं मनावर घेत नव्हती, निदान दाखवत नव्हती. पण एकदा विहारातून परत आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली. मी विचारलं तर म्हणाली, “रुपेशची पोट्टी मले पाहून तिच्या मायच्या मागं लपली.”

रुपेश आमच्या गल्लीतला, आईच्या अंगणवाडीतला. लहानपणी अजिबात जेवायचा नाही, आईनं कावळा-चिमणी करून भरवलेला. त्याची तीन वर्षांची मुलगी.

“तिले कोणीतरी दाखवलं असन मोबाइलवर,” आई म्हणाली. एवढंच.

त्याच आठवड्यात धीरजचा फोन आला. बाबांनी उचलला, “जय भीम” म्हणाले, नाव ऐकलं आणि फोन विंचू असल्यासारखा आईकडे दिला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“काकू, तुमचा व्हिडिओ भयंकर चालला! सर खूश आहेत. पिक्चर तर पहिल्याच दिवशी पडला होता, पण तुमच्यामुळे लोक बघायला येऊन राह्यले. सर म्हणाले, काकूंचा अजून एक व्हिडिओ करा. शिव्या दिल्या तरी चालेल.”

आईनं डोळे मिटले. “धीरज, तू येऊन जाय इकडं.”

“म्हणजे व्हिडिओसाठी ना, काकू?”

“येऊन जाय. अन् मी खरं काय बोलली होती, थे घेऊन येजो. माह्या आवाजातलं.”

मला वाटलं नव्हतं, पण तो आला. रविवारी सकाळी, मोटारसायकलवर, पाठीवर लॅपटॉप. ओसरीवर आम्ही तिघं आणि सुमित्राबाई. तो आईच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. “हे दाखवायची परवानगी नाही,” असं म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

मूळ सीन सुरू झाला. आम्ही पुढे सरकलो.

खरं सांगायचं तर तो सीन वाईट होता. आई ताट घेऊन आली ती थेट कॅमेऱ्याकडे बघत. मग तिनं पोलिओच्या डोसाची दवंडी द्यावी तसं एका श्वासात वाक्य म्हटलं आणि बाजूला बघून विचारलं, “झालं काय, धीरज?” दुसऱ्या वेळेस ताट कललं आणि तर्री हिरोच्या कोटावर सांडली.

“काजलची माय,” बाबा घसा साफ करत म्हणाले, “रागावू नको, पण...”

“तुमी बोलूच नका.”

तिसऱ्या वेळेस मात्र काहीतरी झालं. हिरोनं एक रोडगा संपवला होता आणि सिनेमातलं सोडून त्यानं खरंच विचारलं, “और एक मिलेगा?” आई कॅमेरा विसरली. हसली. रोडगा फोडून त्याच्या ताटात घालता घालता ती ते वाक्य म्हणाली, जसं ती कुणालाही म्हणाली असती. मागे आमची माणसं हसत होती. दात काळेच होते, पण भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

“पुन्हा लाव,” सुमित्राबाई म्हणाल्या. धीरजनं पुन्हा लावलं. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि धीरजला विचारलं, “मंग हे काऊन टाकलं नाई?”

“टाकलं होतं काकू. सुरुवातीला काही लोकांना दाखवला ना पिक्चर, तेव्हा होतं. लोक या सीनला मोबाइल बघायला लागले. निर्माते म्हणाले, इथं काही धोका नाही, थरार नाही. मग एका आठवड्यात बदललं. आवाज दुसरा टाकला, बोट कॉम्प्युटरवर काढलं, आणि आधी लुटारू वस्ती जाळत होते, ते हिरोच्या हातून करवलं.”

“म्हंजे लोकायले माणुसकीचा कंटाळा येते.”

“लोकांना येतो, काकू.”

“कोणत्या लोकायले? आमी लोक नाई काय? आमी तिकीट काढून गेलतो. आमाले तं तुह्या थराराचाच कंटाळा आला!”

धीरज लॅपटॉप मिटत म्हणाला, “चूक झाली काकू.”

“मले एकटीले सांगून काय होते? मी सगळ्यायले घरोघरी जाऊन सांगतलं होतं, का माणुसकीचा सीन हाय. आता तू जाय. ज्याचे ज्याचे दात काळे केले, त्या सगळ्यायच्या घरी जाय, अन् काय झालं थे तुह्या तोंडानं सांग.”

“सगळ्यांच्या?”

“मी येतो संगं. घरं दाखवतो.”

आणि ती खरंच निघाली. ऊन तापलेलं, डोक्यावर पदर, हातात छत्री. मागे धीरज आणि त्याच्या मागे मी. पहिल्या दोन-तीन घरांत तो अडखळला. लोकांनी ऐकवलं. एका घरी म्हातारीनं त्याला विचारलं, की माझ्या जावयानं हा सिनेमा पाहिलाय, आता तो माझ्या हातचं जेवेल का, तू लिहून देतोस का? एका घरी तर कोणी बोललंच नाही, नुसतं पाणी आणून ठेवलं. ते त्याला सगळ्यात जड गेलं. रुपेशच्या घरी धीरज खाली बसला आणि त्याच्या मुलीला मोबाइलवर आईचा खरा सीन दाखवला. मुलगी त्याकडे बघत राहिली, मग तिनं माझ्या आईकडे बघितलं. जवळ आली नाही, पण लपलीही नाही. आई म्हणाली, “राहू दे. येईन हळूहळू,” आणि पुढच्या घराकडे निघाली.

गोपालभाऊंच्या दारात पोचेपर्यंत धीरजचा शर्ट पाठीला चिकटला होता. गोपालभाऊ त्या रविवारी आमच्यासोबत टॉकीजला नव्हते, तळेगावला कुणाच्या तरी लग्नात अडकले होते. शूटिंगच्या वेळी त्यांना ‘उन्हानं चक्कर येऊन पडा’ असं सांगितलं होतं, आणि सिनेमात ते हिरोचा बाण लागून पडले होते.

धीरजनं आता पाठ झालेलं सगळं सांगितलं. कसं ठरलं होतं, कसं बदललं, कशी चूक झाली. गोपालभाऊ मान डोलवत ऐकत होते. त्याचं संपल्यावर म्हणाले, “पण माहं मरण कसं जमलं?”

धीरजनं कपाळाचा घाम पुसला. “छान जमलं, काका.”

“मी तीनदा जाऊन पाह्यलं. एकटाच. पडताना माही टोपी कशी उडते, हाय ना?” मग ते पुढे सरकले. “दुसरा पार्ट येणार हाय काय?”

“काका, तुम्ही मेलात ना त्यात.”

“मेलो तं काय झालं? जुळा भाऊ दाखवा.”

“गोपाल!” आई इतक्या जोरात बोलली की अंगणातली कोंबडी उडाली. “अख्ख्या गावाले माणूस खाणारं दाखवलं यायनं! तुले काईच वाटत नाई काय?”

“वाटते ना वहिनी,” गोपालभाऊ गंभीरपणे म्हणाले, “पण मी खाताना दिसलोच नाई. मी तं मरतानाच दिसलो.”

धीरजच्या तोंडातून हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदा. मलाही आवरेना. आईनं छत्रीचा दांडा कपाळाला लावला आणि तशीच उभी राहिली. ती रडतेय की काय म्हणून मी वाकून बघितलं. ती दात-ओठ आवळून हसू दाबत होती, आणि त्यामुळे आणखीच वैतागली होती.

“हसू नको,” तिनं धीरजला दटावलं. “चाल, उठ. मीराबाईचं घर बाकी हाय अजून. थे काई तुले असं सोडणार नाई.”